एका यादीतली दीडशे वर्षं

प्रवाहाचं गणित करणारं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा. हवा असो की पाणी, आधी आकार काढायचा, मग त्या जागेचे लाखो बारीक तुकडे करायचे. एवढं झालं की समोर एक यादी येते. स्पालार्ट-ऑल्मरस. के-एप्सिलॉन, तेही तीन प्रकारचं: स्टँडर्ड, आरएनजी आणि रिअलायझेबल. के-ओमेगा. के-ओमेगा एसएसटी. रेनॉल्ड्स स्ट्रेस. डीईएस. एलईएस. यातलं एक निवडायचं आणि पुढे जायचं.

ही टर्ब्युलन्स मॉडेलांची यादी. मी याच कामात आहे आणि मूळचा मंगरूळपीरचा. त्यामुळे आमच्याकडून, कारंज्याहून, मानोऱ्याहून इंजिनिअरिंगला गेलेली मुलं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या वेळी फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो: "दादा, कोणतं मॉडेल टाकू?" बहुतेकांनी एक उत्तर मनाशी धरलेलं असतं. यूट्यूबवरच्या व्हिडिओत जे टाकलं होतं ते, किंवा सॉफ्टवेअरनं आधीच टिक करून ठेवलेलं ते.

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येतं, पण ते उत्तर पुढच्या प्रोजेक्टला उपयोगी पडत नाही. कारण ही यादी दुकानातल्या मालासारखी एकाच दिवशी मांडलेली नाही. तिच्यातलं प्रत्येक नाव कुणीतरी, कुठल्यातरी गावी, विशिष्ट प्रवाह डोळ्यांसमोर ठेवून आणि हाताशी असलेल्या यंत्राच्या ताकदीत बसेल असं तयार केलंय. तो इतिहास कळला की निवड बरीचशी आपोआप सुटते. आणि या इतिहासाच्या ऐन मध्यावर एक पुण्याचा माणूस उभा आहे.

वारा भोवंडतो तेव्हा

प्रक्षुब्ध प्रवाह म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत नांगरलेल्या वावरातून वावटळ उठते आणि धुराळा, पाचोळा गरगरत वर नेते. मळणीयंत्रं येण्याआधी खळ्यावर उपणणी चालायची. उंचावर उभं राहून सूप कलतं करायचं, दाणे खाली पडायचे आणि भुसा वाऱ्यानं बाजूला जायचा. त्यासाठी एकसारखा वारा लागायचा. वारा भोवंडला की भुसा पुन्हा राशीत. म्हणून जुनी माणसं वाऱ्याची वाट बघत तासन्तास बसत. वारा आहे एवढ्यानं त्यांचं भागत नसे, तो कसा आहे हे त्यांना बघावं लागे.

हा फरक आकड्यात पकडला ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं, 1883 मध्ये, मँचेस्टरला. त्यानं काचेच्या नळीतून पाणी सोडलं आणि त्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना धार सरळ रेषेत जायची. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर ती फाटायची आणि रंग नळीभर पसरायचा. वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची चिकटण यांतून एक आकडा निघतो, त्याला आपण रेनॉल्ड्स नंबर म्हणतो. नळीत हा आकडा साधारण 2000 च्या खाली असेल तर प्रवाह शांत राहतो. विहिरीवरच्या मोटारीच्या दोन इंची पाइपातून पाणी सेकंदाला एक मीटर वेगानं जात असेल, तर हाच आकडा 50,000 च्या आसपास जातो. म्हणजे आपण रोज वापरतो तो जवळजवळ प्रत्येक प्रवाह प्रक्षुब्धच असतो.

अशा प्रवाहाची समीकरणं एकोणिसाव्या शतकातच माहीत होती. अडचण होती ती क्षणाक्षणाच्या, कणाकणाच्या हिशेबाची. तो कोण आणि कसा करणार? 1895 मध्ये रेनॉल्ड्सनंच वाट सुचवली: सरासरी घ्या. भोवऱ्यांचा तपशील सोडा, सरासरी वेग काय आहे तेवढंच शोधा.

सरासरी घेतली की काय होतं, ते बाजार समितीच्या हिशेबानं बघू. समजा एका शेतकऱ्यानं पहिल्या दिवशी 4000 रुपयांनी 10 क्विंटल सोयाबीन विकलं आणि दुसऱ्या दिवशी 5000 रुपयांनी 20 क्विंटल. सरासरी भाव 4500, सरासरी माल 15 क्विंटल. दोन्हींचा गुणाकार 67,500. पण त्याच्या हाती रोज सरासरी आले 70,000. मधले 2500 रुपये कुठून आले? भाव वर असताना माल जास्त गेला, त्यातून. दोन गोष्टी एकत्र वरखाली झाल्या, आणि त्यांच्या वेगवेगळ्या सरासऱ्यांत ती माहिती हरवली.

प्रवाहात नेमकं हेच घडतं. उभा वेग आणि आडवा वेग एकत्र वरखाली होतात, आणि सरासरी घेताना असे सहा 'अडीच हजार' समीकरणांत शिल्लक राहतात. त्यांना रेनॉल्ड्स स्ट्रेस म्हणतात. आता समीकरणं चार आणि अज्ञातं दहा. गणितानं दार बंद केलं. इथून पुढचा सगळा इतिहास हा या सहा आकड्यांसाठी काहीतरी अंदाज बांधण्याचा इतिहास आहे. त्या अंदाजाचंच नाव टर्ब्युलन्स मॉडेल.

पहिला अंदाज रेनॉल्ड्सच्याही आधीचा आहे. 1877 मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ बुसिनेस्क यानं म्हटलं, भोवऱ्यांचा परिणाम म्हणजे जणू द्रवाची चिकटण वाढणं. मध पाण्यापेक्षा चिकट असतो, तसा प्रक्षुब्ध प्रवाह शांत प्रवाहापेक्षा 'चिकट' वागतो. कल्पना सोयीची होती, पण एक फरक कायमचा राहिला. मधाची चिकटण हा मधाचा गुण आहे, तो बाटलीत तोच आणि ताटात तोच. ही दुसरी चिकटण द्रवाची नाही, प्रवाहाची आहे. ती जागोजागी बदलते. ती किती धरायची, हे कुणीतरी सांगावं लागतं.

घाटमाथ्याचं सूत्र

इथं थोडं थांबून महाराष्ट्रातल्या सिव्हिल इंजिनिअरांना पाठ असलेल्या एका सूत्राकडे जाऊ. धरण किंवा पूल बांधताना मोठ्यात मोठा पूर किती येईल हे ठरवावं लागतं. त्यासाठी इंग्लिसचं सूत्र आहे: पाणलोटाच्या क्षेत्रफळाला 124 नं गुणायचं आणि क्षेत्रफळ अधिक 10.4 याच्या वर्गमुळानं भागायचं. 100 चौरस किलोमीटर पाणलोटाला हे सूत्र सेकंदाला सुमारे 1180 घनमीटर पूर सांगतं.

क्लॉड इंग्लिस हा पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राशी जोडलेला इंजिनिअर. 1916 मध्ये मुंबई प्रांताचा एक विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था आज केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा म्हणून ओळखली जाते. नद्यांच्या आणि धरणांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांतून खरं पाणी सोडायचं, हे तिथलं काम. मॉडेल हा शब्द तिथं अगदी शब्दशः वापरात आहे.

इंग्लिसचं सूत्र जुन्या मुंबई प्रांतातल्या, पश्चिम घाटातल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांवर बेतलेलं आहे. तिथला उतार, तिथला पाऊस, तिथला खडक त्या 124 मध्ये मुरलेला आहे. आमच्या अडाण नदीला तोच आकडा कुणी डोळे मिटून लावत नाही. मध्य भारतासाठी डिकन्सचं सूत्र वापरलं जातं. त्यातला गुणांक 14 ते 28 असा ठिकाणाप्रमाणे बदलतो, आणि त्याच 100 चौरस किलोमीटरला उत्तर साधारण 440 ते 885 घनमीटर येतं. दोन्ही सूत्रं खोटी नाहीत. दोन्हींना आपापलं गाव आहे.

टर्ब्युलन्स मॉडेल हे याच जातीचं आहे. बाहेरून ते कॅल्क्युलसच्या भारदस्त समीकरणासारखं दिसतं, पण त्याच्या पोटात काही आकडे असतात. ते आकडे कुठल्यातरी प्रयोगाला जुळवून घेतलेले असतात. म्हणून मॉडेल निवडण्याआधी विचारायचं, याचं गाव कोणतं?

एक आकडा, मग दोन समीकरणं

1925 मध्ये गटिंगेनला लुडविग प्रांटलनं ती प्रवाहाची चिकटण काढायचा पहिला व्यवहार्य मार्ग दिला. प्रवाहातला एक गोळा आपला वेग घेऊन थोडं अंतर जातो आणि मग आजूबाजूत मिसळतो. त्या अंतराला त्यानं मिसळण-लांबी म्हटलं. भिंतीजवळ ही लांबी भिंतीपासूनच्या अंतराच्या प्रमाणात धरली की पाइपातले आणि सपाट पत्र्यावरचे प्रवाह हातानं सोडवता येत. त्या काळी संगणक नव्हते, त्यामुळे कागदावर सुटणं हीच मोठी पात्रता होती. पण कोपरा आला, प्रवाह भिंतीपासून सुटला, दोन धारा एकमेकींत घुसल्या की लांबी किती धरायची हे कुणीच सांगू शकत नसे.

पुढचं पाऊल युद्धाच्या धामधुमीत पडलं. 1942 मध्ये आंद्रेई कोल्मोगोरोव यानं एक छोटा लेख लिहिला. जर्मन फौजांच्या भीतीनं सोव्हिएत विज्ञान अकादमी तेव्हा कझानला हलवली होती. त्याचं म्हणणं असं, की लांबी आपण बाहेरून सांगू नये, ती प्रवाहालाच ठरवू द्यावी. त्यासाठी दोन राशींची समीकरणं सोडवावीत: भोवऱ्यांची ऊर्जा आणि भोवऱ्यांची वारंवारता. 1945 मध्ये चिनी भौतिकशास्त्रज्ञ चौ पेइ-युआन यांनीही सरासरीतून शिल्लक राहणाऱ्या राशींची समीकरणं मांडली. पण ही समीकरणं सोडवायला तेव्हा यंत्रच नव्हतं. विचार वीस-पंचवीस वर्षं यंत्राची वाट बघत राहिला.

पुण्याहून लंडनला

सुहास पाटणकर यांनी 1962 मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली, म्हणजे आजच्या सीओईपीमधून. 1964 मध्ये आयआयटी मुंबईतून एमटेक केलं. आयआयटी मुंबई तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती. तिथून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे गेले आणि 1967 मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे आयआयटी कानपूरला शिकवलं, पुन्हा इंपीरियलमध्ये काम केलं आणि नंतर अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले.

स्पाल्डिंग यांच्या गटाचा ध्यास होता तो भट्ट्या, इंजिनं, ज्वाळा अशा खऱ्या यंत्रांतले प्रवाह संगणकावर सोडवायचा. तिथं टर्ब्युलन्सच्याही आधी एक वेगळीच गाठ होती. वेग काढायला दाब माहीत हवा. पण दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नाही. अट एवढीच की जेवढा प्रवाह एका खोक्यात शिरला तेवढाच बाहेर पडला पाहिजे.

पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी 1972 मध्ये छापलेली पद्धत सांगायला सोपी आहे. दाबाचा अंदाज करा. त्यावरून वेग काढा. प्रत्येक खोक्यात आत-बाहेरचा हिशेब जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर जितका फरक तितकी दाबात दुरुस्ती करा आणि पुन्हा सुरुवात करा. शेकडो फेऱ्यांनंतर हिशेब जुळतो. पद्धतीचं लांबलचक नाव सेमी-इम्प्लिसिट मेथड फॉर प्रेशर-लिंक्ड इक्वेशन्स, आणि आद्याक्षरांतून झालेलं नाव 'सिंपल'. आज जगभरातल्या सॉफ्टवेअरमध्ये हे नाव आणि तिची भावंडं आहेत. ओपनफोम या मोफत सॉफ्टवेअरमधल्या एका सोडवणुकीचं नावच सिंपलफोम आहे.

त्याच इमारतीत, त्याच वर्षी, टर्ब्युलन्सचा प्रश्नही हाताळला जात होता. डब्ल्यू. पी. जोन्स आणि ब्रायन लाँडर यांचा के-एप्सिलॉन मॉडेलवरचा लेख 1972 चा. के म्हणजे भोवऱ्यांची ऊर्जा, एप्सिलॉन म्हणजे ती ऊर्जा उष्णतेत विरून जाण्याचा दर. 1974 मध्ये लाँडर आणि स्पाल्डिंग यांनी या मॉडेलचे पाच आकडे असे मांडले: 0.09, 1.44, 1.92, 1.0 आणि 1.3. पन्नास वर्षं झाली, स्टँडर्ड के-एप्सिलॉन निवडलं की सॉफ्टवेअर आजही हेच पाच आकडे दाखवतं.

हे आकडे आले कुठून? 0.09 आला भिंतीजवळच्या साध्या प्रवाहांतून, जिथं ऊर्जा जेवढी तयार होते तेवढीच विरते. 1.92 मागे आहेत जाळीतून गेलेल्या हवेतले भोवरे किती भराभर विझतात याची मोजमापं. उरलेले आकडे भिंतीचा नियम आणि साधे पसरणारे प्रवाह यांना जुळवून घेतलेले. म्हणजे या मॉडेलचं गाव ठरलं: भिंतीलगत सरळ वाहणारे, भिंतीपासून न सुटणारे, फार न वळणारे प्रवाह.

हे मॉडेल लोकप्रिय झालं ते सर्वांत अचूक होतं म्हणून नाही. ते त्या काळच्या संगणकावर चालायचं, फारसं कोसळायचं नाही आणि अनेक प्रवाहांत कामापुरतं बरोबर यायचं. आणि 'सिंपल'सारखी पद्धत असल्यामुळे ते कारखान्यातल्या इंजिनिअरच्या हाती पोचलं.

पाटणकर यांचं 'न्यूमरिकल हीट ट्रान्सफर अँड फ्लुइड फ्लो' हे पुस्तक 1980 चं. भारतातल्या कित्येक मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांनी सीएफडी त्यावरूनच शिकलंय. त्याच्या पहिल्याच प्रकरणात एक वाटणी आहे, तिच्याकडे वाचकाचं लक्ष सहसा जात नाही. ते प्रश्नांचे दोन गट करतात. एका गटात गणिती वर्णन पुरेसं चांगलं आहे, जसं उष्णतेचं वहन किंवा शांत प्रवाह. दुसऱ्या गटात ते वर्णनच अजून पक्कं नाही, आणि त्यात गुंतागुंतीचे प्रक्षुब्ध प्रवाह येतात. समीकरणं सोडवायची पद्धत कितीही चोख असली तरी समीकरणच अंदाजी असेल तर उत्तर अंदाजीच, हे त्या विषयाच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकानं सुरुवातीलाच सांगून ठेवलंय.

परीक्षा

मॉडेलांची जाहीर परीक्षाही झाली. 1968 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एक परिषद भरली. विश्वासू प्रयोगांची मोजमापं निवडली, आणि वेगवेगळ्या गटांनी आपापल्या पद्धतीनं तेच प्रवाह गणितानं काढून दाखवायचे असं ठरलं. तेव्हाचे प्रवाह मुख्यतः भिंतीलगतच्या पातळ थराचे होते. 1980-81 मध्ये तिथंच दुसरी फेरी झाली, या वेळी अवघड प्रवाह घेऊन.

त्यातला एक प्रवाह आजही प्रत्येक नव्या मॉडेलपुढे ठेवतात: मागे उतरणारी पायरी. ओट्यावरून वाहत आलेली हवा कडेवरून सुटते, खाली एक मोठा भोवरा ठेवते आणि थोड्या अंतरावर पुन्हा जमिनीला टेकते. प्रयोगात ती पायरीच्या उंचीच्या सुमारे सातपट अंतरावर टेकत होती. स्टँडर्ड के-एप्सिलॉन ती पाच ते सहापट अंतरावरच टेकवत होतं. पंधरा-वीस टक्क्यांहून जास्त चूक, आणि तीही एका साध्या पायरीवर. त्याच काळात दुसरी खोड दिसली. सपाट फटीतून निघणाऱ्या झोतासाठी जुळणारे आकडे गोल तोंडाच्या झोताला लावले की तो प्रयोगापेक्षा जास्त पसरतो. नळीचं तोंड गोल की चपटं एवढ्या फरकानं मॉडेलचं गाव बदलतं.

यादीतली मधली नावं या खोडी काढायच्या प्रयत्नांतून आलीत. 1986 मध्ये याखोट आणि ओर्झाग यांनी वेगळ्या गणिती वाटेनं आरएनजी आणलं. 1995 मध्ये रिअलायझेबल आलं, गोल झोताची खोड बरीच कमी करणारं.

विमानवाल्यांची अडचण निराळी होती. पंखावरची हवा कुठे सुटते यावर विमानाचं उचलणं ठरतं, आणि के-एप्सिलॉन तिला गरजेपेक्षा जास्त वेळ चिकटवून ठेवतं. म्हणजे प्रत्यक्षात पंखाची पकड सुटत असताना पडद्यावर सगळं ठीक दिसू शकतं. डेव्हिड विल्कॉक्स यानं 1988 मध्ये कोल्मोगोरोवच्या वारंवारतेकडे परत जाऊन के-ओमेगा घडवलं. ते भिंतीजवळ चांगलं, पण बाहेरच्या मोकळ्या हवेत कोणता आकडा भरला यावर उत्तर हलायचं. 1992 मध्ये बोइंगमधल्या स्पालार्ट आणि ऑल्मरस यांनी पंखासाठीच एका समीकरणाचं स्वस्त मॉडेल काढलं. 1994 मध्ये फ्लोरियन मेंटर यानं भिंतीजवळ ओमेगा आणि दूर एप्सिलॉन अशी सांगड घातली, वर ताणाला एक मर्यादा लावली. ते एसएसटी.

यंत्र कुणाकडे

मॉडेल मुळी वापरूच नये, प्रत्येक भोवरा मोजावा, असंही करता येतं. 1987 मध्ये किम, मोइन आणि मोझर यांनी दोन समांतर भिंतींमधला प्रवाह तसा सोडवला. सुमारे 40 लाख बिंदू, क्रे एक्स-एमपी या महासंगणकावर सुमारे 250 तास, आणि प्रवाह मात्र अगदी सौम्य. रेनॉल्ड्स नंबर दहापट वाढला की बिंदू ढोबळमानानं पावणेदोनशेपट लागतात. मधला मार्ग एलईएस: मोठे भोवरे मोजा, बारकांचा अंदाज करा. त्याची सुरुवात 1963 मध्ये हवामानशास्त्रज्ञ जोसेफ स्मागोरिन्स्की यांनी केली.

म्हणजे कोणतं मॉडेल निवडायचं, यात कोणतं यंत्र तुमच्याकडे आहे हाही प्रश्न दडलेला आहे. आणि तो आपल्या अगदी जवळचा आहे. ऐंशीच्या दशकात भारतानं हवामानासाठी अमेरिकेकडे क्रे मागितला. मागितलेलं मोठं यंत्र नाकारलं गेलं, लहान एक्स-एमपी/14 मिळालं, तेही अटी घालून. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि त्याची धुरा विजय भटकर यांच्याकडे आली. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. 1998 पर्यंत मंगरूळपीरही अकोला जिल्ह्यातच होतं, म्हणजे जुन्या हिशेबानं ते आमच्याच जिल्ह्यातले. 1991 मध्ये परम 8000 उभा राहिला.

ज्याच्याकडे मोठं यंत्र, त्याला सरासरीपलीकडे बघता येतं. इतरांना सरासरीच्या मॉडेलांवर भागवावं लागतं. आज लॅपटॉपवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही मर्यादा खरीच आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. मात्र ती रिपोर्टात लिहायला हवी.

सरासरीची किंमत

कारण सरासरी कधीकधी इमारत पाडते. 1 नोव्हेंबर 1965 रोजी इंग्लंडमधल्या फेरीब्रिज औष्णिक केंद्रात आठांपैकी तीन शीतकरण मनोरे वादळी वाऱ्यात कोसळले. प्रत्येक मनोरा 114 मीटर उंच. चौकशीत दोन गोष्टी ठळक झाल्या. एक, आरेखनात वाऱ्याचा वेग मिनिटभराच्या सरासरीनं धरला होता, आणि पाडलं ते काही सेकंदांच्या झोतांनी. दोन, वातबोगद्यातली चाचणी एकट्या मनोऱ्यावर झाली होती. प्रत्यक्षात ते गटानं उभे होते आणि पुढच्या मनोऱ्यांनी भोवंडलेला वारा मागच्यांवर आदळत होता.

तिथं संगणकातलं मॉडेल नव्हतं. पण चूक ओळखीची आहे. जी सरासरी घेतली तिच्यात धोका मावत नव्हता, आणि जिथं आकडा मोजला ते गाव वेगळं होतं. के-एप्सिलॉन किंवा एसएसटीनं काढलेलं रंगीत चित्र हे सरासरीचं चित्र असतं. त्यात झोत दिसत नाहीत. चित्र जितकं देखणं, तितका हा मुद्दा विसरायला सोपा.

मग कोणतं?

आता एवढ्या इतिहासावरून निवड करू.

पाइप, डक्ट, बंद खोलीतली हवा, भट्टी, म्हणजे प्रवाह मुख्यतः भिंतीत कोंडलेला आणि तुम्हाला ढोबळ सरासरी हवी असेल, तर के-एप्सिलॉनच्या घराण्यातलं चालेल. गोल तोंडातून झोत निघत असेल तर रिअलायझेबल बघा. पंख, पंख्याची पाती, गाडीचा मागचा उतार, जिथं हवा गोलसर पृष्ठभागावरून कुठे सुटते हाच प्रश्न आहे, तिथं एसएसटीपासून सुरुवात करा. विमानाच्या पंखावर चिकटलेला प्रवाह असेल तर स्पालार्ट-ऑल्मरस स्वस्तात काम करतं. सायक्लोनसारखा जोरात घुमणारा प्रवाह असेल तर चिकटणीची कल्पनाच लंगडी पडते, म्हणून रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेल. आवाज, थरथर, झोत, म्हणजे क्षणाक्षणाचा बदल हवा असेल तर सरासरीचं कुठलंच मॉडेल पुरत नाही. तिथं एलईएस किंवा डीईएस, आणि त्याला पेलेल एवढं यंत्र.

भिंतीजवळच्या जाळीचाही विचार याच निवडीत येतो. के-एप्सिलॉन बहुतेकदा भिंतीचा नियम गृहीत धरून चालतं, तिथं पहिल्या खोक्याचा वाय-प्लस साधारण 30 च्या वर हवा. एसएसटीचा खरा फायदा घ्यायचा तर तो 1 च्या आसपास हवा. मॉडेल एकाचं आणि जाळी दुसऱ्याची, असं विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टात मला सर्वांत जास्त वेळा दिसतं.

आणि हे सगळं केल्यावर दोन मॉडेलांनी तोच प्रश्न सोडवून बघा. दोन्ही उत्तरं जवळ आली तर थोडा धीर येतो. लांब गेली तर ती फार मोलाची माहिती आहे. तुमचा प्रवाह कुणाच्याच गावातला नाही, असं ती सांगते. मग प्रयोग शोधावा लागतो, कुणी केला नसेल तर स्वतः करावा लागतो, मग तो उदबत्तीचा धूर आणि एक वेगमापक एवढाच का असेना. नासानं 2014 मध्ये छापलेल्या एका अहवालात सुटलेल्या प्रक्षुब्ध प्रवाहांचा भरवशाचा अंदाज हा अजूनही न सुटलेला प्रश्न म्हणून मांडला होता. यंत्रशिक्षणानं नवे आकडे शोधायचे प्रयत्न आता चालू आहेत, पण त्यांनाही ते कोणत्या प्रवाहांवर शिकले हेच विचारावं लागतं.

2004 पासून ओपनफोम मोफत मिळतं. मंगरूळपीरमधल्या एखाद्या मुलीच्या लॅपटॉपवर आज तीच यादी उघडते जी मोठ्या कंपन्यांत उघडते, आणि तिच्यात पाटणकरांची 'सिंपल'ही आहे. तिनं रिपोर्टाच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहाव्यात: कोणतं मॉडेल घेतलं, ते मूळ कोणत्या प्रवाहासाठी बनलं, आणि माझा प्रवाह त्याच्याशी कुठे जुळतो, कुठे जुळत नाही. परीक्षक कदाचित रंगीत चित्रंच आधी बघतील. तरी त्या तीन ओळी असाव्यात. उद्या त्या चित्रावरून कुणी पंखा बसवला, चिमणी बांधली किंवा पुलाचा खांब उभा केला, तर त्या माणसाला भरवसा कुठवर ठेवायचा हे तिथंच वाचायला मिळेल.